वाचकांस सूचना

पेंटर झुंबर म्हणाला, सरळ सांगा, नियम किती?
दर ओळीमागे पैसे.
जुन्या पाटीवर अकरा होते.
सातव्याचा रंग उडून नुसतं 'नये' उरलेलं,
आणि तीन वर्षं लोक त्या 'नये'चा मान राखून
काहीतरी करायचं टाळत होते.

मी कागदावर लिहून दिलं:
पिशव्या बाहेर, रॅकवर. छत्री बादलीत.
मोबाईल मुका करावा.
वाचन मनातल्या मनात.
पानाचा कोपरा दुमडू नये, थुंकी लावून पान उलटू नये.
हे वकिलांसाठी;
पक्षकार बिचारे पानाला हात लावायलाच बिचकतात.
दीड ते दोन वाचनालय बंद. दोन म्हणजे दोन.
झोप आल्यास घर गाठावे.
सातवा काही आठवेना, जागा सोडली.

शेवटचा लाल रंगात, साहेबांचा हुकूम:
कर्मचारी पुस्तक देतील.
अर्थ विचारू नये.

सव्वीस वर्षं झाली मला या मजल्यावर.
खाली शिवाजीनगर कोर्टाचा गलका,
वर डांबरगोळ्यांचा वास.
देवळाबाहेरच्या हारवाल्याला आरत्या पाठ होतात
तशी मला कलमं.
हारवाल्याला कोणी गाभाऱ्यात बोलावत नाही.

सोमवारी, रंग ओला असतानाच,
सगुणाबाई ओव्हाळ आल्या, दापोडीहून,
लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची पिशवी
छातीशी धरून.
पिशवी बाहेर, मी म्हटलं.
"हिच्यात माझी खोली हाय," त्या म्हणाल्या.
पिशवी आत आली.
पहिला नियम वाळायच्या आधीच गेला.

मुदतीचं पुस्तक हवं होतं.
भिंतीजवळच्या टायपिस्टनं सांगितलेलं,
अपिलाला तीस दिवस.
निकाल लागून झाले एकोणचाळीस.
वकील फोन उचलत नाही.
तिसऱ्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकलेला,
मग खिडकीवर बारा खेपा,
नक्कल हातात आली ती परवाच्या शुक्रवारी.
हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही,
पुस्तकाला सांगितलं,
ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं, एकेक अक्षर फोडत.

दोन वकिलांनी माना वर केल्या.
शिपाई खैरे पाटीकडे बोट दाखवू लागला.
बाई म्हणाल्या, "मनात वाचलं तर कळत न्हाई,
कानावर पडाया लागतं."
मी खैरेला म्हटलं, राहू दे, रंग ओला आहे अजून.

तासाभरानं त्या टेबलाशी आल्या.
"तीस आन् एकोणचाळीस. संपलं म्हणायचं का?"
माझ्या डोक्यामागं लाल अक्षरं.
म्हटलं, मला सांगता येत नाही.
"ठावं हाय," त्या म्हणाल्या, "लिवलंय की तिथं."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुस्तक जागेवर ठेवायला म्हणून मी उचललं.
त्याची शिवण मीच घातलेली,
ते कुठं उघडतं मला माहीत.
पुन्हा त्यांच्यापुढं ठेवलं.
म्हटलं, हे नीट मिटत नाही,
आणि वजन म्हणून पानावर फूटपट्टी ठेवली,
लेबलं कापायची, लोखंडी,
एका ओळीच्या बरोबर खाली.

न-क-ल मि-ळ-व-ण्या-स
ला-ग-ले-ला वे-ळ
व-ग-ळ-ण्या-त ये-ई-ल.

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सलग.
कोणी 'शुक' केलं नाही.
"म्हंजी त्या खिडकीम्होरं उभी व्हते,
ते दिस धरत न्हाईत?"
मी पंख्याकडं बघत म्हटलं,
काय लिहिलंय ते तुम्हीच वाचलंत.

साडीच्या जुन्या बिलामागं
त्यांनी ती ओळ उतरवून घेतली, माझ्याच पेनानं.
जिना उतरताना आवाज येत होता,
व-ग-ळ, व-ग-ळ, पायरीगणिक.

संध्याकाळी झुंबर पैशाला आला.
सातव्या जागी काय टाकू, विचारलं.
लिहून द्यायला खिसा चाचपला.
पेन नव्हतं.
म्हटलं, उद्या ये.